समोरचं मेडिकल

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर तेव्हा दोन मेडिकल होती. एक माझं आणि रस्त्याच्या पलीकडे मोतीरामभाऊंचं. माझ्याकडे नागपूरचा फार्मसीचा डिप्लोमा होता, काचेचं दार होतं, चार ट्यूबलाइट होत्या आणि एक फ्रीज होता. त्यांच्याकडे जुन्या काळी निव्वळ अनुभवावर मिळालेली नोंदणी, एक लाकडी स्टूल आणि रंग उडालेली दोन कपाटं होती. आणि गिऱ्हाईक होतं. सगळं गिऱ्हाईक त्यांच्याकडे होतं.

इतकी वर्षं मी याला स्पर्धा म्हणत आलो. आता केस पांढरे झाले, आता खरं बोलायला हरकत नाही. मी त्या माणसावर जळत होतो. सकाळी शटर वर केलं की देवाला हात जोडायच्या आधी मी समोरच्या पायरीवर किती जण बसलेत ते बघायचो. चार असले तर माझा चहा कडू व्हायचा. आठ असले तर बायकोवर ओरडायचो.

भाऊ दिसायला काही खास नव्हते. ठेंगणी मूर्ती, पांढरा पायजमा, खिशाची बंडी, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा. बंडीच्या खिशात फुटाणे. औषधांची नावं त्यांना धड उच्चारता येत नसत. 'ते लाल टोपीवालं कॅप्सूल', 'ते कडू पांढरं सिरप' अशी त्यांची भाषा. मी नागपूरहून शिकून आल्यापासून दुकानात शुद्ध बोलायचो, 'आपल्याला काय हवंय?' असं विचारायचो. लोक माझ्याकडे एकदा बघायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

बरं, पलीकडे जाऊन त्यांना औषध लगेच मिळायचं म्हणाल तर तेही नाही. भाऊ आधी दोन प्रश्न विचारायचे. कोणती गोळी कवा सुरू केली, आणि तकलीफ कवा सुरू झाली. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचा हात कपाटाकडे जात नसे. घरात पडलेल्या जुन्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या, सगळं आणायला लावायचे. दुकानात उजेड कमी, म्हणून माणसाला बाहेर पायरीवर उन्हात उभं करायचे, डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढायचे आणि बघत राहायचे. मी आतून ट्यूबलाइटखाली बसून हा तमाशा बघायचो आणि मनात म्हणायचो, मोठे सर्जनच लागून गेले.

एकदा जामहून एक सासू आपल्या पोटुशी सुनेला घेऊन आली. सुनेला चार दिवसांचा ताप. सासूनं पदराची गाठ सोडली आणि तीन पट्ट्या भाऊंच्या स्टुलावर ठेवल्या. एक जामच्या डॉक्टरची, एक गावातल्या कंपाउंडरची आणि एक माझ्या दुकानातली. भाऊंनी तिन्ही पट्ट्या उलट्या करून डोळ्याजवळ नेल्या आणि हसले.

"माय, हे तिन्ही एकच हाय. नावं तीन, गोळी एक. एकच जावई तीन कपडे बदलून तीनदा जेवून गेला तं घरात धान्य उरन काय?"

"मंग कोणती देऊ?" सासू म्हणाली.

"एकच. अन् दोन परत कर. पोटातल्या लेकराच्या मायचं लिव्हर हाय ते, काई ढोराचं नाई."

सासू सरळ रस्ता ओलांडून माझ्या काउंटरवर आली आणि पट्टी परत केली. समोरच्या पायरीवरचे सहा जण बघत होते. मी पट्टी घेतली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तापाचं एकच औषध तीन नावांनी तिच्या पोटात जात होतं आणि मी तिला काही न विचारता ते दिलं होतं. मी हे सासूला कबूल केलं असेल असं कोणाला वाटत असेल तर त्यानं मला ओळखलंच नाही.

मग मीही त्यांच्यासारखं करून बघितलं. भाऊ लग्न झालेल्या कुठल्याही बाईला औषध देण्याआधी अगदी सहज विचारायचे, "माय, पाळी कवा आलती?" बाई तितक्याच सहज सांगायची. एखादी लाजून हसायची, मग भाऊ तिच्या हातातली चिठ्ठी परत द्यायचे, "हे आता घेऊ नोको, पयले डॉक्टरले सांगजो." किती बायांना आपण पोटुशी आहोत हे भाऊंच्या पायरीवर कळलं असेल, देव जाणे. मी हाच प्रश्न शुद्ध मराठीत एका बाईला विचारला. "आपली मासिक पाळी केव्हा आली होती?" तिचा नवरा मागे उभा होता. त्यानं माझी कॉलर धरली. भांडण सोडवायला समोरून कोण आलं असेल हे सांगायला नको. आले म्हणजे रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि तिथूनच हात जोडून म्हणाले, "जाऊ दे बावा, डॉक्टरी भाषेत विचारलं त्यानं." भाऊ माझी पायरी चढत नसत. मीही त्यांची चढत नसे.

महिन्यातून एक दिवस भाऊ दुकान बंद ठेवून गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जायचे. त्या दिवशी मी सकाळी सहालाच शटर उघडायचो. काय सांगू, लोक बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. मी हाक मारायचो, "या, मिळेल इथे." तर एक म्हातारी मला म्हणाली, "राहू दे बाबू, भाऊ सांजेलोक येतेत." तिच्या हातातली चिठ्ठी खोकल्याच्या सिरपची होती. खोकल्याच्या सिरपसाठी ती बाई दिवसभर उन्हात बसली. हा माणूस लोकांना काय खाऊ घालतो, हे मला कळेना.

सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या घरातही त्यांचंच गिऱ्हाईक होतं. माझी बायको नंदा गिरडची. आमचं घर दुकानाच्या मागेच, मध्ये नुसता पडदा. काही दुखलं-खुपलं की नंदा म्हणायची, "अवो, एकदा भाऊले विचारा नं." मी म्हणायचो, घरात डिप्लोमा टांगलेला आहे तो काय शोभेला? ती गप्प बसायची. नंदाचं गप्प बसणं मला नेहमी हार मानल्यासारखं वाटायचं.

ती पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा पाचव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी मिथिलडोपाच्या गोळ्या लिहून दिल्या. गरोदर बायांना बीपीसाठी तेव्हा हीच गोळी सर्रास देत आणि बहुतेक जणींना ती बिनतक्रार चालते. मी माझ्या दुकानातून काढून दिल्या. नंदा माहेरी गेली आणि महिनाभरात तिला कावीळ झाली. सासूबाईंनी मला न विचारता गिरडजवळच्या खेड्यातून माळवाल्या म्हाताऱ्याला आणलं. आमच्याकडे काविळीची माळ घालतात. मुळ्यांच्या बारीक काड्या दोऱ्यात ओवलेली ती एवढीशी माळ डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक लांबत गळ्यात उतरते, पोटापर्यंत येते, आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. माळेचं पथ्य कडक असतं. तेल नाही, हळद नाही आणि इंग्रजी औषध तर अजिबात नाही. सासूबाईंनी माझ्या गोळ्या फडताळात टाकून दिल्या. पंधरा-वीस दिवसांत नंदाचे डोळे स्वच्छ झाले. पुढे तिला मुलगी झाली, स्वाती. सगळ्या गिरडात गाजावाजा झाला की मेडिकलवाल्या जावयाच्या बायकोला माळेनं बरं केलं.

मला कोण लाज वाटली. लोक दुकानात येऊन विचारायचे, "काऊन सुरेशबाबू, तुमच्या काचेच्या कपाटात माळ नाई भेटत काय?" मी घरात बजावलं, त्या काविळीचं नाव पुन्हा काढायचं नाही. माळेनं काही झालं नव्हतं आणि गोळी बंद झाली म्हणून ती बरी झाली होती, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डिप्लोमा झालेल्या माणसानं हे दोन दिवसांत ओळखायला हवं होतं. मी माळेवर चिडण्यात गुंतलो होतो.

चार-पाच वर्षांनी नंदाला पुन्हा दिवस गेले. पुन्हा बीपी वाढलं. मी तिला हिंगणघाटला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी काही त्रास झाला होता?" नंदानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही नाही. बीपी सोडून सगळं नॉर्मल." कावीळ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, उपचार काय केला? आणि एका फार्मासिस्टला डॉक्टरसमोर माळ म्हणावं लागलं असतं. त्या बिचाऱ्यांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली. त्यांची काय चूक?

आठ-दहा दिवसांत नंदाचं अन्न सुटलं. तळहाताला खाज यायला लागली, लघवी चहासारखी व्हायला लागली. मी उलटीची गोळी दिली. डोळे पिवळे झाले तेव्हा सासूबाई माळ घेऊन आल्या. या वेळी मी आडवा आलो नाही, पण ठणकावून सांगितलं, माळ घाला, खुशाल घाला, पण बीपीची गोळी एक वेळही चुकणार नाही. गळ्यात माळ आणि पोटात गोळी, दोन्ही चालू राहिलं. माळ लांबत गेली आणि नंदा सुकत गेली.

एका दुपारी मोतीरामभाऊ माझी पायरी चढले. दहा वर्षांत पहिल्यांदा. काउंटरला टेकून उभे राहिले, दम लागला होता.

"सुरेशबाबू, बाई सकाळी वाळवणापाशी दिसली उन्हात. पिवळीजर्द झाली. कोणती गोळी चालू हाय?"

"बीपीची," मी म्हणालो.

"कवापासून?"

"भाऊ, मला शिकवू नका."

"शिकवत नाई बावा. पयल्या खेपेले हेच गोळी होती नं? तुमची सासू बसच्या टायमाले बसली होती माह्या पायरीवर, तिनं सांगतलं होतं. माळ घातली अन् गोळ्या फेकल्या म्हणे. तवा काई डोक्यात आलं नाई माह्या. आता आलं. गोळी सुरू झाली का कावीळ येते, बंद झाली का जाते. आजची सांजची देऊ नोका. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात नेऊ, मी येतो संगं."

एक क्षण मला कळलं. अगदी स्वच्छ कळलं की हा माणूस बरोबर बोलतो आहे. आणि तेच मला सहन झालं नाही. माझी बायको, माझी गोळी, माझा डिप्लोमा, आणि समजलं याला, पलीकडून बसल्या बसल्या.

"गोळी बंद केली आणि बीपी वाढून झटका आला तर तुम्ही जबाबदार राहाल का?" मी म्हणालो. "तुम्ही तुमचं दुकान पाहा."

भाऊ दाराकडे वळले. "दोन जीव हायेत," एवढंच म्हणाले आणि पायरी उतरून गेले.

संध्याकाळी मी पडद्याआड गेलो. नंदा पडून होती. मी पाण्याचा पेला भरला, पट्टीतून गोळी काढली आणि तिच्या समोर धरली. तिनं माझ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि गोळी घेतली. ती गोळी मी औषध म्हणून दिली नाही. समोरच्या दुकानाला उत्तर म्हणून दिली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

सकाळी नंदा झोपेतून नीट जागी होईना. स्वातीला ती तिच्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मी रस्त्यावर धावलो तेव्हा भाऊंनी जीप आधीच थांबवून ठेवली होती. कोणी सांगितलं, कसं कळलं, मी विचारलं नाही. जामच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. भाऊ खाली उतरून, हातवारे करत, ओरडून रस्ता मोकळा करून घेत होते. पायजमा घोट्यापर्यंत धुळीनं भरला होता.

वर्ध्याकडच्या त्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं नंदाला तपासलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "यांना आधी कधी कावीळ झाली होती का? आधीच्या बाळंतपणात?"

बाकावर भाऊ बसले होते. उत्तर त्यांना माहीत होतं. ते बोलले असते तर सोपं झालं असतं, पण त्यांनी चष्मा काढला आणि बंडीच्या टोकानं पुसत बसले. मी म्हणालो, "झाली होती. हीच गोळी चालू होती. बंद केली तेव्हा बरी झाली. हे मी हिंगणघाटच्या डॉक्टरांना सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

डॉक्टरणीनं गोळी बंद केली, बीपीसाठी दुसरं औषध सुरू केलं. नंतर तिनं मला समजावून सांगितलं. ही गोळी बहुतेक बायांना सोसते, पण एखादीचं यकृत तिच्यावर उलटतं, आणि एकदा उलटलेलं यकृत दुसऱ्यांदा तीच गोळी मिळाली की लवकर आणि जास्त जोरानं उलटतं. मी विचारलं, "शेवटची एक गोळी दिली नसती तर?" ती म्हणाली, एका गोळीनं फार फरक पडत नाही. मी का विचारतोय हे तिला ठाऊक नव्हतं. नंदा तिथे चार आठवडे होती. सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगा होता. तो राहिला नाही. नंदा राहिली.

भाऊ त्या चार आठवड्यांत तीनदा आले. एसटीनं यायचे, बाकावर बसायचे, फुटाणे खायचे आणि परत जायचे. त्या दुपारच्या बोलण्याचा त्यांनी चकार शब्द काढला नाही. माझ्यापाशी नाही, नंदापाशी नाही, गावात कोणापाशी नाही. दुसरा कोणी असता तर मी गावात तोंड दाखवू शकलो नसतो. मला त्यांचे उपकार वाटायला हवे होते. वाटलेही. पण खरं सांगतो, उपकाराखाली जुनी जळजळ तशीच होती. आता तर चांगुलपणातही हा माणूस माझ्यापुढे निघून गेला होता. वरून एक नवी भीती बसली. भाऊ एक दिवस नंदाला सांगतील. तुझ्या नवऱ्याला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यानं तरी गोळी दिली. नंदा समोरून भाजी घेऊन येताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायला थांबली की माझ्या हातातलं काम थांबायचं. वर्षानुवर्षं मी काचेतून त्या दोघांच्या ओठांकडे बघत राहिलो.

पुढे भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. मुलगा नागपूरला होता, त्यानं दुकान बंद करायला लावलं. तिथे मोबाईलच्या रिचार्जचं दुकान आलं आणि भाऊंचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला लागलं. मी तोपर्यंत दोन प्रश्न विचारायला शिकलो होतो. बाया उत्तर देत होत्या.

भाऊ नागपूरला निघाले त्या दिवशी बसस्टँडवर ही गर्दी. मी काउंटर सोडला नाही. नंदा स्वातीला घेऊन गेली, दोघी भाऊंच्या पाया पडल्या. स्वाती बसच्या पायरीशी थांबली. भाऊ नंदाच्या डोक्यावर हात ठेवून बोलत राहिले. बराच वेळ बोलत राहिले. जाता जाता सांगून टाकत असतील, मी म्हटलं, आता त्यांना कसली भीड?

नंदा परत आली. डोळे ओले होते.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"म्हणे, सुरेशबाबूनं त्या दिवशी दवाखान्यात सगळ्याइसमोर आपली चूक सांगतली म्हणून तू वाचली माय. असं सगळ्याइले नाई जमत म्हणे."

"आणखी?"

"आणखी काय सांगतीन ते? बाकीचं तं मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "भाऊ दुकानात आलते नं आदल्या दिवशी. मी पडद्यामागंच पडली होती. गोळी देऊ नोका म्हणाले, ते सगळं ऐकलं मी."

माझी शुद्ध भाषा कुठे गेली कोण जाणे. "मंग सांजेले घेतली काऊन तू?"

"तुमी देऊन राह्यले होते नं," नंदा म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

गावातल्या बाया भाऊंवर टाकायच्या तो विश्वास मी पंधरा वर्षं काचेतून बघत जळलो होतो. माझ्या हाताजवळचा मला दिसला नव्हता.

समोर स्टँडवर ड्रायव्हर बस मागे घेत होता. भाऊ खिडकीशी बसले होते, कपाळावर हात आडवा धरून माझ्या दुकानाच्या दिशेनं बघत होते. त्या डोळ्यांना रस्त्यापलीकडचं काही दिसत असेल असं वाटत नाही. मी काउंटर सोडून धावत पायरी उतरलो, पण तोपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली होती.